सी आणि सी++ मध्ये कंपायलर कोसळला किंवा अ‍ॅरेमुळे मेमरी बिघडली तर काय करायचं (नवीन शिकणाऱ्यांसाठी)

नवीन शिकणाऱ्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकाच वाक्यात येतो, "कोड क्रॅश होतोय, काय करू?" आणि मदत करणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही, कारण क्रॅश नक्की कोण झालं तेच त्यात नसतं. कंपायलर पडला की कंपायलरने बनवून दिलेला तुमचा प्रोग्रॅम पडला, या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, कारणं वेगळी, उपाय वेगळे, आणि एकाचे उपाय दुसऱ्यावर करत बसलात तर अख्खी संध्याकाळ जाते आणि हाती काही लागत नाही. खाली जे लिहिलंय ते लिनक्सवर जीसीसी किंवा क्लँग वापरताय असं धरून लिहिलंय, विंडोजवर जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलंय.

पायरी १: कोण पडलं ते ठरवा

एडिटरमधलं रनचं बटण थोडा वेळ विसरा. ते बटण कंपाइल आणि रन दोन्ही एका दमात करतं, आणि काही एडिटर तर प्रोग्रॅम पडला की खिडकीच बंद करून टाकतात, मेसेज वाचायलाच मिळत नाही. टर्मिनल उघडा, आधी फक्त कंपाइलची कमांड द्या, ती संपू द्या, मग प्रोग्रॅम वेगळा चालवा. कुठल्या कमांडनंतर गडबड झाली ते लगेच दिसतं.

प्रोग्रॅम पडला असेल तर लगेच पुढची कमांड म्हणून इको, स्पेस, डॉलर, प्रश्नचिन्ह असं टाइप करा, म्हणजे त्याचा एक्झिट कोड (प्रोग्रॅमने संपताना मागे ठेवलेला आकडा) मिळेल. १३९ आला तर सेगमेंटेशन फॉल्ट (प्रोग्रॅमने आपली नसलेली मेमरी हाताळली), कारण तो सिग्नल (ऑपरेटिंग सिस्टिमने प्रोग्रॅमला दिलेला इशारा) ११ आहे आणि शेल (टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) त्यात १२८ मिळवून दाखवतो. १३४ म्हणजे सिग्नल ६, अबॉर्ट, म्हणजे प्रोग्रॅमने किंवा त्याच्या लायब्ररीने स्वतःच काहीतरी बिघडलेलं बघून थांबायचं ठरवलं. १३७ म्हणजे सिग्नल ९, बाहेरून कोणीतरी मारलं, आणि तो कोणीतरी बहुतेक वेळा मेमरी संपल्यामुळे हस्तक्षेप करणारा कर्नलच (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) असतो. विंडोजवर सेगमेंटेशन फॉल्टच्या जागी उणे १०७३७४१८१९ असा विचित्र आकडा दिसतो, तो अ‍ॅक्सेस व्हायोलेशन. उणे १०७३७४१५७१ दिसला तर स्टॅक ओव्हरफ्लो, म्हणजे फंक्शनच्या लोकल व्हेरिएबलसाठीची जागा संपली. हे दोन आकडे कुठेतरी लिहून ठेवा, परत परत लागतात.

अजून एक, विंडोजवर लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडून शेवटची फाइल बनवणारा प्रोग्रॅम) "परमिशन डिनाइड" म्हणून थांबला तर तो क्रॅश नाहीच, तुमचा आधीचा प्रोग्रॅम मागे चालू राहिलाय आणि त्याच नावाची फाइल पुन्हा लिहिता येत नाहीये एवढंच असतं, टास्क मॅनेजरमधून तो बंद करा. तसंच स्क्रीनभर २०० ओळींचा एरर आला म्हणजे कंपायलर कोसळला असं नव्हे. तो व्यवस्थित काम करतोय आणि तुमचा कोड त्याला मान्य नाही. अशा वेळी वर स्क्रोल करून फक्त पहिला एरर वाचा, तो दुरुस्त करा आणि परत कंपाइल करा, खालचे बरेचसे त्या पहिल्याचीच पिल्लं असतात.

पायरी २: कंपायलरच पडला असेल तर

इथे मेसेज नीट वाचायचा, कारण दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार, मेसेजमध्ये "किल्ड" हा शब्द आणि सोबत सीसी१ किंवा सीसी१प्लस असं नाव. ही जीसीसीच्या आतल्या खऱ्या कंपायलरची नावं आहेत आणि मेसेजचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की मशीनची मेमरी संपली आणि कर्नलने सगळ्यात जाडजूड प्रोसेस निवडून मारली. खात्री करायची तर डीमेसेज (स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी) ही कमांड चालवा, शेवटच्या ओळींत "आउट ऑफ मेमरी" दिसेल. मोठा प्रोजेक्ट मेक या टूलने बिल्ड करताना डॅश जे ८ किंवा १६ दिलं की तेवढे कंपायलर एकाच वेळी चालतात, आणि टेम्प्लेटने भरलेल्या सी++ च्या एकेका फाइलला एक जीबीच्या वर मेमरी सहज लागू शकते, म्हणजे ८ जीबीच्या मशीनवर हे होणारच. डॅश जे १ किंवा २ करा. तरीही पडत असेल तर स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) वाढवा, किंवा ती एक फाइल तोडून दोन-तीन फाइल करा.

याच प्रकारात अ‍ॅरेचा एक खास किस्सा येतो जो नवीन लोकांना कोड्यात टाकतो. ग्लोबल अ‍ॅरे १० कोटी इंटचा घेतला आणि काही व्हॅल्यू दिलीच नाही तर एक्झिक्युटेबल फाइल छोटीशीच राहते, कारण सगळे शून्य असलेला भाग फाइलमध्ये लिहावा लागत नाही, फक्त "एवढी जागा हवी" अशी नोंद असते. पण त्याच अ‍ॅरेला महिरपी कंसात फक्त पहिला आकडा १ दिला की सगळा अ‍ॅरे डेटा म्हणून फाइलमध्ये जातो, १० कोटी गुणिले ४ बाइट म्हणजे सुमारे ४०० एमबी, आणि मग कंपाइल, लिंक सगळं रेंगाळतं किंवा छोट्या मशीनवर पडतंच. उपाय सोपा, अ‍ॅरे रिकामा ठेवा आणि मेन सुरू झाल्यावर लूपने किंवा थेट पहिल्या घरात व्हॅल्यू भरा. आणि ग्लोबल अ‍ॅरे मिळून २ जीबीच्या पुढे गेले तर ६४ बिटच्या नेहमीच्या लिनक्स मशीनवर लिंकर "रिलोकेशन ट्रंकेटेड टू फिट" असं म्हणतो, तेही याच कुळातलं, एवढा अ‍ॅरे ग्लोबल ठेवायचा नाही, चालताना मॅलॉक (मेमरी मागायचं फंक्शन) किंवा व्हेक्टरने (सी++ चा वाढू शकणारा अ‍ॅरे) मागायचा.

दुसरा प्रकार, "इंटर्नल कंपायलर एरर". हा खरा कंपायलरचा क्रॅश. जीसीसीच्या मॅन्युअलची भूमिका स्पष्ट आहे, इनपुट कितीही चुकीचं असू दे, कंपायलरने कोसळायचं नाही, कोसळला तर तो कंपायलरचाच बग. म्हणजे तुमच्या कोडमध्ये चूक असेलही, पण त्यावर एरर देणं हे त्याचं काम होतं.

आता काय करायचं? आधी तीच कमांड जशीच्या तशी दोन-तीनदा चालवा. दर वेळी त्याच फाइलवर त्याच ओळीला पडतोय का ते बघा. कधी या फाइलवर, कधी त्या फाइलवर, मधेच एकदा नीट कंपाइल झालं, असं होत असेल तर कंपायलर बाजूला ठेवा आणि रॅमवर संशय घ्या, कारण कंपायलर हा ठरलेल्या इनपुटवर ठरलेलंच काम करणारा प्रोग्रॅम आहे, तो मनाला येईल तसा वागत नाही. काही वेळा जीसीसी स्वतःच सांगतो की बग परत घडवून आणता येत नाहीये, हार्डवेअर किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रॉब्लेम असावा. मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा, ओव्हरक्लॉकिंग केलं असेल तर काढा.

दर वेळी तिथेच पडत असेल तर हे एकेक करून बघा. ऑप्टिमायझेशन कमी करा, डॅश ओ २ च्या जागी डॅश ओ शून्य. कंपायलरची नवी आवृत्ती टाका, जुन्या आवृत्तीतले बरेच क्रॅश पुढे दुरुस्त झालेले असतात. कंपायलर एक्सप्लोरर नावाची ब्राउझरमध्ये चालणारी सोय आहे, तिथे तोच कोड जीसीसी आणि क्लँगच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर टाकून बघता येतो, इन्स्टॉल काहीच करावं लागत नाही. आणि आज काम अडलंय म्हणून वाट काढायचीच असेल तर मेसेजमध्ये जी ओळ दिलीय ती वेगळ्या पद्धतीने लिहा, लांबलचक एक्स्प्रेशन दोन भागांत तोडा, ऑटोच्या जागी टाइप लिहा, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

बग कळवायचा असेल, आणि कळवावाच, तर डॅश सेव्ह डॅश टेम्प्स देऊन कंपाइल करा, म्हणजे सगळे हेडर आत ओतलेली एक मोठी फाइल मिळते, एक्स्टेन्शन आय किंवा दोनदा आय. ती फाइल, कंपायलरची आवृत्ती आणि पूर्ण कमांड एवढं जीसीसीच्या बगझिलावर (बग नोंदवायच्या साइटवर) लागतं. क्लँग पडला तर तो अशी फाइल आणि ती चालवायची स्क्रिप्ट बहुतेक वेळा स्वतःच टेम्प फोल्डरमध्ये ठेवतो आणि जागा सांगतो. फाइल लाखभर ओळींची असेल तर सी-रिड्यूस किंवा सी-व्हाइज ही टूल ती आपोआप छाटत छाटत थोड्याशा ओळींवर आणतात. मात्र कंपनीचा कोड असेल तर ती फाइल तशीच बाहेर टाकू नका, तुमचा सगळा सोर्स त्यात असतो.

पायरी ३: प्रोग्रॅम पडला असेल तर आधी हे डोक्यात बसवा

खरं काम इथून पुढे आहे, कारण नवीन माणसाच्या बाबतीत कंपायलर पडणं क्वचित, अ‍ॅरेच्या बाहेर लिहिणं रोजचं. आणि इथे एक गोष्ट समजली की बाकी सगळं सोपं जातं, ती म्हणजे प्रोग्रॅम जिथे पडतो तिथे चूक असेलच असं अजिबात नाही.

जावा किंवा पायथनमध्ये १० घरांच्या अ‍ॅरेत इंडेक्स १० मागितला की तिथल्या तिथे एक्सेप्शन येतं. सी भाषा हे तपासतच नाही. 'इंट गुण[१०]' लिहिलं तर घरं ० ते ९, पण 'गुण[१०] = ०' लिहिलं तर कंपायलर मुकाट्याने सुरुवातीपासून ४० बाइट पुढे जाऊन तिथे ४ बाइट लिहिणारा कोड बनवतो. तिथे कोण राहतं? कदाचित तुमचाच लूपचा काउंटर, मग तो शून्य होतो आणि लूप कधीच संपत नाही. कदाचित दुसरा अ‍ॅरे, मग उत्तर चुकतं. कदाचित नुसती रिकामी जागा, मग काहीच होत नाही आणि प्रोग्रॅम "बरोबर" चालतो, जोपर्यंत तुम्ही दुसऱ्या मशीनवर नेत नाही.

सेगमेंटेशन फॉल्ट लगेच का येत नाही? कारण ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीचं राखण बाइटबाइटने करत नाही, पेजने करते, आणि पेज साधारण ४०९६ बाइटचं असतं. तुम्ही आपल्याच पेजच्या आत शेजारी घुसलात तर हार्डवेअरला काही वावगं दिसत नाही. फॉल्ट येतो तो जे पेज तुमचं नाहीच तिथे हात घातल्यावर.

म्हणूनच "कालपर्यंत चालत होतं", "एक प्रिंटएफ टाकला की चालतं", "डीबगमध्ये चालतं आणि रिलीजमध्ये पडतं" ही तिन्ही वाक्यं ऐकली की अ‍ॅरेच्या सीमा आणि इनिशियलाइझ न केलेली व्हेरिएबल आधी तपासायची. ऑप्टिमायझेशन लावल्यावरच पडतं म्हणून कंपायलरला दोष देण्याची घाई करू नका, बहुतेक वेळा चूक आपल्याच कोडमध्ये असते, ऑप्टिमायझेशनने फक्त व्हेरिएबलच्या जागा बदलल्या आणि ती उघडी पडली.

प्रिंटएफ टाकून शोधणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, आउटपुट आधी बफरमध्ये साठतं आणि प्रोग्रॅम अचानक मेला की ते बफरसकट जातं, त्यामुळे "ही ओळ छापली नाही म्हणजे इथपर्यंत आलाच नाही" हा निष्कर्ष चुकू शकतो. छापायचं असेल तर एसटीडीएररवर छापा, तो चुका छापायचा वेगळा मार्ग आहे आणि तिथे असं साठवलं जात नाही.

पायरी ४: वॉर्निंग आणि सॅनिटायझर चालू करून परत कंपाइल

कमांडमध्ये हे सगळं टाका: डॅश जी, डॅश ओ शून्य, डॅश डब्ल्यू ऑल, डॅश डब्ल्यू एक्स्ट्रा, आणि डॅश एफ-सॅनिटाइझ बरोबर अ‍ॅड्रेस स्वल्पविराम अनडिफाइन्ड (एफ आणि सॅनिटाइझ जोडून, मधे स्पेस नाही, आणि अर्थातच हे सगळं इंग्रजी लिपीत टाइप करायचं). कंपाइल आणि लिंक वेगवेगळं करत असाल तर सॅनिटायझरचा (प्रोग्रॅम चालताना चुका पकडणाऱ्या तपासणीचा) फ्लॅग दोन्हीकडे लागतो.

वॉर्निंग आधी वाचा. स्कॅनएफमध्ये अँपरसँड विसरला, फंक्शनला दिलेल्या अ‍ॅरेवर साइझऑफ लावलं, अशा गोष्टी कंपायलर फुकटात सांगतो. दुसरी तर फार होते. फंक्शनमध्ये अ‍ॅरे पॅरामीटर म्हणून आला की तो पॉइंटर होतो, आणि ६४ बिट मशीनवर साइझऑफ ८ येतं, अ‍ॅरे कितीही मोठा असो. लांबी वेगळा पॅरामीटर म्हणून पाठवायची.

अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हे मात्र खरं शस्त्र आहे. गूगलच्या लोकांनी बनवलं, क्लँगमध्ये २०१२ ला आणि जीसीसीमध्ये २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून आहे. अ‍ॅरेंच्या आजूबाजूला तो विषारी पट्टे ठेवतो आणि प्रत्येक वाचण्या-लिहिण्याच्या आधी तपासतो, त्यामुळे चूक घडते त्या क्षणी प्रोग्रॅम थांबतो, नंतर कुठेतरी नाही. वेग साधारण निम्मा होतो, शिकताना ते काहीच नाही. नवीन शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून हा चालूच ठेवावा असं माझं ठाम मत आहे.

विंडोजवर मिनजीडब्ल्यूच्या जीसीसीसोबत हा सहसा येत नाही, लिंकर एसॅन (अ‍ॅड्रेस सॅनिटायझर) लायब्ररी सापडत नाही म्हणतो. तिथे व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ ची १६.९ किंवा पुढची आवृत्ती वापरा, किंवा डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) लिनक्स टाकून काम करा.

पायरी ५: सॅनिटायझरचा रिपोर्ट वाचायला शिका

रिपोर्ट लांब असतो आणि हेक्स आकडे बघून लोक घाबरतात, पण वाचायच्या ओळी तीन-चारच.

पहिली ओळ प्रकार सांगते. हीप-बफर-ओव्हरफ्लो म्हणजे मॅलॉक किंवा न्यूने घेतलेल्या तुकड्याबाहेर गेलात. स्टॅक-बफर-ओव्हरफ्लो म्हणजे फंक्शनमधल्या लोकल अ‍ॅरेबाहेर. हीप-यूज-आफ्टर-फ्री म्हणजे परत केलेली मेमरी वापरली.

दुसरी ओळ, रीड आहे की राइट आणि किती बाइट. ४ असेल तर बहुधा इंट किंवा फ्लोट, ८ असेल तर डबल किंवा पॉइंटर, १ असेल तर कॅरेक्टर. त्याखाली फंक्शनची यादी, त्यातली लायब्ररीची नावं सोडा आणि तुमच्या फाइलचं नाव व ओळ क्रमांक असलेली पहिली नोंद पकडा.

मग ती ओळ जिच्यावर लोक नजर टाकत नाहीत आणि जी अर्धं उत्तर देते, म्हणजे पत्ता कुठल्या तुकड्याच्या किती बाइट पुढे किंवा मागे आहे. "४० बाइटच्या तुकड्यानंतर ० बाइट" असं आलं तर तुम्ही १० इंटच्या अ‍ॅरेत बरोबर इंडेक्स १० ला गेलात, लूपमध्ये छोटं-किंवा-बरोबर लिहिलंय, नुसतं छोटं हवं होतं. "४ बाइट आधी" आलं तर इंडेक्स उणे १ झालाय, मागचं घर बघणारा कोड पहिल्या घरावरही चालतोय. तुकडा ४० ऐवजी १० बाइटचाच दिसला तर मॅलॉकमध्ये साइझऑफने गुणायचं राहिलं. ८ बाइटचा दिसला तर साइझऑफ पॉइंटरवर लागलंय का ते बघा. स्ट्रिंगच्या बाबतीत शब्दाच्या अक्षरांइतकाच तुकडा असेल आणि त्यानंतर ० बाइटवर १ बाइटचा राइट असेल तर शेवटच्या शून्य कॅरेक्टरसाठी जागा धरलेली नाही, लांबी अधिक १ करा.

यूज-आफ्टर-फ्रीमध्ये रिपोर्ट तीन ठिकाणं दाखवतो, कुठे वापरली, कुठे फ्री केली, कुठे घेतली होती. सी++ मध्ये हे फ्री न लिहिताही होतं, व्हेक्टरच्या एखाद्या घराचा पॉइंटर किंवा रेफरन्स धरून ठेवला आणि मग पुश-बॅक केला की व्हेक्टर जागा कमी पडल्यास सगळं नवीन जागी हलवतो आणि तुमच्या हातात जुना पत्ता राहतो. इंडेक्स धरून ठेवा, पॉइंटर नको.

पायरी ६: सॅनिटायझर नसेल तेव्हा

जीडीबी या डीबगरमध्ये प्रोग्रॅम घाला, रन, पडला की बीटी, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं ती फंक्शनची यादी मिळते. फ्रेम निवडा, प्रिंट आय करून इंडेक्स बघा. आय मध्ये ३२७६४ सारखा काहीच्या काही आकडा दिसला तर बहुधा तो इनिशियलाइझ केलेला नाही.

मेमरी तपासणारा व्हॅलग्राइंडही चांगला, परत कंपाइल करायची गरज नाही, आणि इनिशियलाइझ न केलेली व्हॅल्यू वापरली तर तेही सांगतो जे अ‍ॅड्रेस सॅनिटायझर सांगत नाही. पण खूप हळू चालतो आणि लोकल किंवा ग्लोबल अ‍ॅरेच्या बाहेर गेलेलं सहसा त्याला दिसत नाही, त्यामुळे व्हॅलग्राइंड गप्प बसला म्हणून निश्चिंत होऊ नका. दोन्ही एकत्र चालवू नका.

मेसेजवरूनही दिशा कळते. "स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड" आलं तर लोकल अ‍ॅरे ओलांडलाय आणि ते फंक्शन परत जाताना लक्षात आलं, म्हणजे चूक त्याच फंक्शनमध्ये किंवा त्याने तो अ‍ॅरे ज्याला दिला तिथे. "डबल फ्री ऑर करप्शन" किंवा "मॅलॉक, करप्टेड टॉप साइझ" आलं तर हीपच्या (मॅलॉकने मेमरी मिळते त्या भागाच्या) हिशोबाच्या नोंदीच तुम्ही पुसल्यात (पहिल्या मेसेजमध्ये एकच तुकडा दोनदा फ्री केल्याचीही शक्यता असते), आणि ते पुढच्या एखाद्या मॅलॉक किंवा फ्रीमध्ये उघड झालं, त्या मॅलॉकची काही चूक नाही, आधी कुठे जास्त लिहिलंय ते शोधा.

पायरी ७: इंडेक्स बरोबर आहे तरी पडतंय

मग अ‍ॅरेचा आकार बघा. लोकल अ‍ॅरे स्टॅकवर जातो आणि स्टॅक छोटा असतो, लिनक्सवर मुख्य थ्रेडला सहसा ८ एमबी, विंडोजवर डीफॉल्ट १ एमबी. १००० गुणिले १००० इंट म्हणजे ४० लाख बाइट, विंडोजवर फंक्शनमध्ये शिरताशिरता पडेल आणि लिनक्सवर चालेल, त्यामुळे "माझ्याकडे चालतं" यावर वाद होतात. २००० गुणिले २००० केलं की लिनक्सवरही गेला. व्हेक्टर वापरा, किंवा मॅलॉक, किंवा स्टॅटिक करा. यूलिमिट डॅश एस ने स्टॅक वाढवून बघता येतं, पण ते फक्त निदानासाठी, दुसऱ्याच्या मशीनवर ते सेटिंग नसतं. अ‍ॅरे छोटाच असेल तर रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) थांबतंय का ते तपासा.

इंटचा ओव्हरफ्लोही इथेच येतो. ५०००० गुणिले ५०००० म्हणजे २५० कोटी, आणि ३२ बिट इंटची कमाल २१४७४८३६४७, मग गुणाकार बहुधा उणे होतो आणि मॅलॉकला भलताच आकडा जातो. गुणाकाराच्या आधी साइझ-टी (आकारांसाठीचा, उणे नसलेला पूर्णांक टाइप) मध्ये बदला, नंतर बदलून उपयोग नाही. उलट साइझ-टी ला उणे ठाऊकच नाही, रिकाम्या व्हेक्टरच्या साइझमधून १ वजा केला की अवाढव्य आकडा येतो, आणि उलटा लूप "आय शून्यापेक्षा मोठा किंवा बरोबर" अशा अटीवर लिहिला तर संपतच नाही. मॅलॉकने नल दिलं का तेही दर वेळी बघा.

पायरी ८: दुरुस्त झालं असं वाटल्यावर

ज्या इनपुटने पडत होतं तेच परत द्या, सॅनिटायझर चालू ठेवून. मग शून्य घटक, एक घटक, आणि तुमच्या मर्यादेइतके पूर्ण घटक असे तीन इनपुट द्या, कारण अ‍ॅरेच्या चुका टोकांवर असतात, मधे नसतात. तुम्हाला नुसतं एक प्रिंटएफ हलवून किंवा अ‍ॅरेचा आकार १० वरून १०० करून क्रॅश गेलेला दिसत असेल तर तो दुरुस्त झालेला नाही, लपलाय, पायरी ४ पासून परत सुरू करा. सी++ मध्ये असाल तर शिकताना चौकटी कंसाऐवजी अ‍ॅट वापरा, तो सीमा तपासतो आणि आउट-ऑफ-रेंज एक्सेप्शन देतो, चौकटी कंस तपासत नाही.

आणि कोणाला मदत मागाल तेव्हा या चार गोष्टी द्या: कंपायलरची आवृत्ती, पूर्ण कमांड, मेसेज जसाच्या तसा पहिल्या ओळीपासून (स्क्रीनचा फोटो नको, टेक्स्ट), आणि ज्या छोट्यात छोट्या कोडने तीच चूक परत घडते तो कोड. तो कोड छोटा करत आणताना एकेक ओळ काढा आणि दर वेळी अजून पडतंय का बघा, ज्या ओळीनंतर पडायचं थांबलं तिच्याशी आधी बोला.